नव्याने धावणाऱ्यांसाठी: रविवारपासून सुरुवात

मंडळी, आजवर कधीच न धावलेल्यांची तुकडी येत्या रविवारी सकाळी ६ वाजता सुरू होतेय. मैदानाच्या फाटकापाशी जमायचं.

आधी ५ मिनिटं भरभर चालणं. मग १ मिनिट हळू धावणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा. (पहिल्या दिवशी सगळेच जोरात सुटतात!)

- रविवार, मंगळवार, गुरुवार एवढेच दिवस. मधली विश्रांती बुडवायची नाही.
- हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोटऱ्या दुखतील, ते चालेल. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबून सांगा.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवा.