आत्याकडचं शाकारलेलं घर

ती. आई-बाबांस सा. न.

हे सगळं फोनवरही सांगितलं असतं, पण बाबा दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणून फोन पुढे करतात. म्हणून कागद.

परवाच्या शनिवारी अक्काआत्याकडे जाऊन आले. लंडनच्या पॅडिंग्टनहून मॉर्टन-इन-मार्शला दीड-पावणेदोन तासांत गाडी पोचते. काका स्टेशनवर न्यायला आले होते. पारा उणे ३. दहिवर गोठून शेतं, कुंपणं, मेंढ्यांच्या पाठीसुद्धा पांढऱ्या. वाटेत चिपिंग कॅम्पडन लागलं. तिथे भर पेठेत १६२७ सालचा दगडी मंडप आहे, चारी बाजूंनी उघडा, थेट आपल्या देवळाच्या सभामंडपासारखा. बांधला मात्र बाजारासाठी.

बाबा, आता तुमचा विषय. आत्याचं घर शाकारलेलं आहे! इतके दिवस फोटो बघून मी नुसतं "कित्ती गोड" म्हणत होते. जवळ जाऊन बघते तर आपला जुना गोठाच की. गवताऐवजी गव्हाचं काड, चांगलं फूटभर जाड, आणि पाखं अशी उभी की पाण्याने थांबायचं नावच काढू नये. हल्लीचा बुटका गहू म्हणे याला चालत नाही. छपरासाठी म्हणून जुन्या वाणाचा उंच गहू मुद्दाम पेरतात आणि काड चेचू नये म्हणून जुन्या पद्धतीच्या यंत्राने कापतात. सुंभ नाही, हेझल नावाच्या झाडाच्या फोकी वाकवून खुपसतात. आढं दहा-पंधरा वर्षांनी नवं करायचं, बाकीचं त्याहून पुष्कळ टिकतं. तुम्ही दर मे महिन्यात स्वतः वर चढायचात हे ऐकून काका गप्पच झाले. मग म्हणाले, "इथे शाकारणाऱ्याला बोलवायचं तर आधी बँकेत जावं लागतं."

बाहेरून चित्र, आतून गारठा. घर सरकारच्या जतनयादीत असल्यामुळे साधी खिडकी बदलायची तरी कौन्सिलची परवानगी. काचा एकेरी, फटींतून वारा नुसता शिट्ट्या घालतो. आत्याने त्या फटींत जुन्या कापडाच्या पट्ट्या कोंबल्या आहेत. विटकी हिरवी, बारीक चौकडी. मला काही कळलं नाही. "तुझ्या आजीचं पातळ गो," ती म्हणाली. बाबा, तुम्ही लांबूनच ओळखलं असतंत.

आई, जेवायला कुळथाची पिठी होती! वरून लसणीची फोडणी, आमसूल, आणि गुरगुट्या भात. पीठ मागच्या खेपेला तूच दिलेलं, ते तिने फ्रीजरमध्ये पुरवून पुरवून ठेवलंय. शेगडीपाशी ताटं मांडीवर घेऊन जेवलो. डोक्यावर काड आणि खाली विस्तव, मला धाकधूक, पण काका याबाबतीत सोवळ्यातले. धुराडं वेळच्या वेळी साफ करून घेतात, आणि प्रत्येक ओंडक्याला एक यंत्र टोचून ओल बघतात. वीस टक्क्यांच्या वर निघाली की ओंडका परत पडवीत. आत्या म्हणाली, "माझा ताप कधी इतका मन लावून बघितला नाही."

चारलाच अंधारून आलं. जिना शिडीइतका उभा, धरायला भिंतीला एक दोर. आत्या चौऱ्याहत्तर, काका अठ्ठ्याहत्तर. दुकान चार मैलांवर. मी जाताना गाडीत भाषण तयार केलं होतं, की आता शहरात फ्लॅट घ्या वगैरे. तुम्हांला देते तेच, पुण्याच्या जागी ऑक्सफर्ड घालून. तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "भाऊ पुण्याला जायचं म्हणतो का गो?"

मी म्हटलं, मी मागे लागलेय.

"त्याला हवंय का, ते विचारलंस?"

मी निखारे ढोसत बसले. काका म्हणाले, राहू दे, विझेल.

तर आता विचारते. तुम्हांला दोघांना खरंच काय हवंय? आई, तू वेगळं लिही, बाबांच्या पत्राखाली "सर्व क्षेम" एवढंच नको. आणि उत्तर काहीही असो, विहिरीकडच्या पायऱ्यांना कठडा या महिन्यात बसवून घ्या. दोर नको, लोखंडी. पैसे मी पाठवते, त्यावरून वाद नको.

बाबा, अक्काला फोन करा. दुपारचा चहा झाला की करा. तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेदहा असतात आणि काका लाकडं तपासायला बाहेर गेलेले असतात.

तुमची,
बायो