ड्रमवर बसलेली ताशेवाली

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

परवा फोनवर आमच्या ड्रॅगन बोट शर्यतीचं ऐकून तू विचारलंस, "बोटीत ड्रम कशाला रे? शोभेला?" मी तेव्हा बसस्टँडवर होतो, त्या गलक्यात नीट उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. तू गल्लीच्या पथकात इतकी वर्षं ताशा वाजवलास, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत तुझा हात थांबायचा नाही, म्हणून हे तुलाच सविस्तर सांगावंसं वाटतंय.

आधी बोट कशी असते ते ऐक. लांबी साडेबारा मीटरच्या आसपास, रुंदी सव्वा मीटरसुद्धा नाही. दोघे-दोघे अशा दहा ओळी, म्हणजे वल्हं मारणारे वीस. मागे सुकाणूवाला उभा आणि सगळ्यांत पुढे, टोकाला लावलेल्या ड्रॅगनच्या मानेपाशी, आमच्याकडे तोंड करून ड्रमर. वल्हं कुठे कडीला अडकवलेलं नसतं, हातात मोकळं असतं, आणि आपण जायच्या दिशेला तोंड करून बसतो. खेळ चीनमधला, दोन हजार वर्षांपासूनचा. छू युआन नावाच्या कवीनं मिलुओ नदीत जीव दिला, त्याला शोधायला लोक होड्या घेऊन धावले, अशी कथा तिकडे सांगतात. हाँगकाँगला १९७६ साली आंतरराष्ट्रीय शर्यती सुरू झाल्या आणि २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ आला. आमच्या सुभेदार काकांना हे सगळं तोंडपाठ आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले, आता दर रविवारी आम्हाला शिकवतात, एक रुपया घेत नाहीत.

शर्यती होत्या हिडकलला. काळोखातच निघालो. वंटमुरीच्या घाटात धुकं इतकं होतं की टेम्पोवाल्यानं गाडी अगदी हळू घेतली. धरणावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. चंदगडच्या डोंगरातून आलेली घटप्रभा तिथं अडवलीय, माहीत आहे तुला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, आता ते पाण्याखाली होतं. आमच्यात एक माळकरी आहेत, त्यांनी त्या दिशेला हात जोडले आणि मगच वल्हं उचललं. ड्रॅगनच्या डोळ्यांत रंगाचा ठिपका देऊन त्याला जागं करायचं अशी तिकडची रीत. आयोजकांनी ती पाळली, शिवाय नारळही फोडला. हुक्केरीकडच्या एका आजींनी नाकाडावर हळद-कुंकू वाहिलं. मला ते फार आवडलं.

आता ड्रमचं. आमची ड्रमर कॉलेजातली पोर, तुझ्यासारखीच ताशा वाजवणारी, शिवाय अंगानं हलकी. आम्हाला वाटलं, याहून चांगलं कोण मिळणार! आणि पहिल्या हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या फेरीत, तिनं वाजवलंही झकास. काठावरची माणसं नाचायला लागली. पण ताशेवाल्याची सवय काय असते, तुला सांगायला नको. ताशा पुढे, ढोल त्याच्या मागे. तो वाढला की सगळं पथक वाढतं. समोरची बोट जवळ आली तशी ही चढली. पुढच्या ओळीतल्या दोघींना तेवढ्या वेगानं वल्हं पाण्यात बुडवता येईना. त्या आपल्या लयीत राहिल्या, मागचे ड्रमच्या लयीत गेले. माझ्या वल्ह्यावर मागच्याचं वल्हं आदळलं, खाड्‌कन. मग एकदा, दोनदा, सगळीकडेच. बोट जागच्या जागी हिसके खात राहिली आणि आम्ही शेवटचे आलो.

काठावर आल्यावर कुणी कुणाशी बोलेना. आमचा येळ्ळूरचा पैलवान तर खाली मान घालून बसला. जड अंगाची माणसं मधल्या ओळींत बसवतात, तो तिथं असतो, आणि त्याला वाटत होतं की आपणच कमी पडलो. त्याचा काही दोष नव्हता रे. त्याच्याएवढी ताकद अख्ख्या बोटीत कुणाच्यात नाही.

सुभेदार काका रागावले नाहीत. त्यांनी पोरीला गवतावर बसवलं. पुढच्या ओळीतल्या दोघींना तिच्यासमोर बसवून हातात वल्ही दिली. एक बँकेत कॅशियर, दुसरी शाळेत शिक्षिका. (मिश्र गटात वीसांत निदान आठ बायका लागतात, आमच्यात नऊ आहेत, आणि पुढची ओळ त्यांनाच द्यायची हे काकांनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.) काका पोरीला म्हणाले, "बाळ, इथं ताशा तू नाहीस. ताशा या दोघी. तू यांचं बघायचं आणि आम्हाला ऐकवायचं." कॅशियर बाईंच्या उजव्या मनगटावर लाल दोरा आहे. पातं पाण्यात शिरतं तेव्हा तो दोरा अगदी खाली, पाण्याला लागायला येतो. "तो दोरा खाली गेला की टिपरू पडलं पाहिजे, आधी नाही." पोर मांडीवर थाप देत बसली. बाई नुसत्या हवेत वल्हं मारतायत, ही दोऱ्याकडे टक लावून. भोवती दुसऱ्या संघांचे भोंगे, स्पीकरवर घोषणा, पण हिचं कशाकडे लक्ष नाही. ते मी बघत होतो आणि माझा जीव भरून आला.

आम्हा बाकीच्यांनाही काकांनी परत बजावलं, ड्रम ऐकून वल्हं मारू नका. ऐकून मारलं की उशीर झालाच. तिरकी नजर पुढे, पलीकडच्या बाजूच्या पहिल्या वल्ह्यावर. मग तू म्हणशील, ड्रम हवा कशाला? मी सातव्या ओळीत बसतो. माझ्यापुढं सहा पाठी, ओले कॉलर, पाण्याचे फवारे. कधी पुढचं पातं दिसतं, कधी दिसत नाही. दम संपत आला की डोळ्यांपुढे काहीच राहत नाही. त्या वेळी तो ठोका छातीत लागतो आणि कळतं की पुढे अजून लय आहे, ती सुटलेली नाही. त्या दोघी तिकडे नेमकं काय करतायत ते मागच्या माणसापर्यंत आणणारं तिथं दुसरं कुणी नाही. म्हणून तुझा 'शोभेला' हा शब्द मला लागला.

दुसरी हीट. "आर यू रेडी... अटेन्शन... गो!" सुरुवातीचे फटके खोल आणि जड, बोट पाण्यातून उचलायची असते. मग भराभर, मग लांब. दोनशे मीटर म्हणजे जेमतेम मिनिटभराचा खेळ. शेजारची बोट पुढे गेली. मी पोरीकडे पाहिलं. तिला ती बोट दिसत होती, ओठ घट्ट मिटलेले, पण टिपरू चढलं नाही. ती त्या दोऱ्यालाच धरून होती. आणि मग बोट घसरायला लागली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. वीस पाती एकदम आत जातात तेव्हा आवाज एकच येतो आणि बुडाखाली पाणी सरकल्याचं कळतं. पैलवान माझ्या दोन ओळी पुढे. सकाळी तो पाणी उपसत होता, आता नुसता कमरेतून वळत होता. शेवटच्या टप्प्यात कॅशियर बाईंनी वेग वाढवला, त्यांच्याबरोबर ड्रम वाढला, त्याच्याबरोबर आम्ही. दुसरे आलो, अर्ध्या बोटीनं मागे.

फायनलबद्दल फार सांगत नाही. दुपारी वारा सुटला, जलाशयावर लाटा उठल्या, चारांत तिसरे आलो. पदक मिळालं. सुकाणूवाल्यानं आडव्या वाऱ्यात बोट सरळ ठेवली, तेवढ्यासाठी त्याला वेगळं बक्षीस द्यायला हवं होतं. परत येताना पोर टेम्पोत पदक हातात धरून झोपली.

आता कामाचं. ती जूनपासून शिकायला धारवाडला जाणार. रविवारी येईन म्हणते, पण होस्टेलवर राहून दर आठवड्याला कसं जमणार? तुझी पुतणी इथंच आहे आणि ताशा वाजवते. तिला विचारशील का? पोहता येणं लागतं, लाइफ जॅकेट असलं तरी. तिच्या घरच्यांशी मी स्वतः येऊन बोलेन, सुभेदार काकांनाही सोबत आणेन. फक्त आधी तू तिच्याशी एकदा बोल, आणि या ताशेवालीचं सगळं सांग तिला. या पोरीनं तिला एक महिना शेजारी बसवून शिकवायचं कबूल केलंय, तेव्हा मेच्या आधी कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच