चळवळीत हिशेबनीसाचं काय काम?

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिलीप,

परवा फोनवर म्हणालास, "मी उभं आयुष्य परचेसमध्ये काढलं. मला घोषणा देता येत नाहीत, मोर्चात चालायला गुडघे साथ देत नाहीत. चळवळीत माझं काय काम?" तेव्हा मी हसलो, पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

एक जुनी गोष्ट सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कार्यकर्त्याने मला एका गावात नेलं. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात कलम 17 खाली सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामाचा हिशेब ग्रामसभेनेच तपासणं, आलं होतं, त्यासाठी. मी सीए, त्यामुळे रुबाबात लॅपटॉप काढून बसलो. साहित्याच्या बिलांची फाईल हातात आली. मुरूम, खडी, सिमेंट. जानेवारीचं बिल क्रमांक 41, फेब्रुवारीचं 42, मार्चचं 43. म्हणजे दुकानदाराला तीन महिन्यांत दुसरं गिऱ्हाइकच नाही, किंवा तिन्ही बिलं एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली. हे बघायला क्रांतिकारक असावं लागत नाही रे, फक्त आयुष्यभर बिलं बघितलेली असावी लागतात. मुरमाचे ब्रास किती आणि रस्ता केवढा, हे तू तर माझ्या आधी पकडलं असतंस.

मी ते तक्ते करून ग्रामसभेत ऐटीत मांडले. कुणी हूं की चूं केलं नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "ते राहू द्या. माझ्या नावापुढं किती दिवस लिहिलेत तेवढं वाचा." हजेरीपटावर चोवीस होते. ती कामावर गेली होती अकरा दिवस. पासबुक कुठंय विचारलं, तर म्हणे "ते त्यांच्याकडंच असतं." 'ते' कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग एकेक जण उठून आपापलं नाव वाचायला सांगू लागला. माझा लॅपटॉप केव्हा मिटला, मलाही कळलं नाही.

ही युक्ती काही माझी नव्हे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या डिसेंबरात कोट किराणा गावात पहिली जनसुनवाई घेतली, ती याच पद्धतीने. सरकारी कागद भर सभेत मोठ्याने वाचायचे, लोक खरं-खोटं सांगतील. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं, ते कागदांच्या प्रतींसाठी. माहिती अधिकाराचा कायदा पुढे 2005 मध्ये आला, त्याच्या मुळाशी हे हजेरीपट आणि व्हाउचरं आहेत. हिशेबनीस लोकांनी मान ताठ करावी असा इतिहास आहे हा, आणि आपण मात्र तो संघटनेच्या एक संस्थापक, आयएएस सोडलेल्या अरुणा रॉय यांच्या नावावर टाकून मोकळे होतो.

आपल्या पुण्यातच बघ. हमाल पंचायतीने 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' काढली. भाकरी स्वस्त द्यायची आणि केंद्रही चालू ठेवायचं, म्हणजे ज्वारीचा भाव, सरपण, मजुरी, सगळं पैशापैशाने धरावं लागतं. कचरावेचकांची पंचायत 1993 ची, आणि 2008 मध्ये त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून उभी राहिली. करारातली बारीक अक्षरं वाचायला कुणीतरी लागतंच ना?

आपल्या हिशेबी माणसांचा एक दुर्गुण मात्र सांगून ठेवतो. दोन बैठका झाल्या की आपल्याला वाटतं, ही माणसं गबाळी आहेत, जरा 'सिस्टिम' लावून देऊ. मी लावली होती. बारा रकान्यांचं रजिस्टर. महिन्याभरात ते भरणाऱ्या बायकांनी त्यातले चारच ठेवले, आणि तेच बरोबर होते. आणखी एक पथ्य: जिथे मी फुकट राबतो, तिथल्या ऑडिटवर सही करत नाही. लोक म्हणतात, घरचाच सीए आहे, करून टाका. आपलंच काम आपणच कसं तपासायचं? नाही म्हणजे नाही.

तर काम असं. एका संघटनेचं भंगारचं दुकान आहे. पुठ्ठ्याचा भाव खाली आला की दुकान तोट्यात जातं, आणि व्यापारी सांगेल तो दर मुकाट घ्यावा लागतो. व्यापाऱ्याशी घासाघीस करणं ही तुझी तीस वर्षांची विद्या. पुढच्या शनिवारी दुपारी तीनला ये. बोलायचं कमी, आधी वजनकाट्याजवळ तासभर बसायचं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता.क. रिक्षाचं भाडं आपलं आपण. चहा मात्र तिथे मिळतो, आणि तो फार गोड असतो. तुझ्या शुगरचं आधीच सांगून ठेव.