मुंबईची मुसंडी यादीत का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोसमाच्या शेवटी मुसंडी मारून लीग जिंकणाऱ्या फुटबॉल क्लबांवरचा रविवारचा लेख आवडला. लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग असताना अगदी अखेरच्या क्षणी मायकेल थॉमसने केलेला १९८९ चा गोल, २०१२ मध्ये मँचेस्टर सिटीने भरपाई वेळेत फिरवलेला सामना, सगळे छान रंगवले आहे. पण यादीतले सगळेच क्लब परदेशी. आपल्या शहराच्या मुंबई सिटी क्लबने २०२१ मध्ये हेच करून दाखवले, त्याला एक ओळही मिळाली नाही याचे फार वाईट वाटले.

मी अंधेरीच्या आझाद नगरात राहते. क्रीडा संकुलात सामना असला की प्रकाशझोत आमच्या गॅलरीतून दिसतात आणि गोल झाल्याचे टीव्हीआधी आरोळीवरून कळते. त्या मोसमात मात्र ते मैदान अंधारात होते. करोनामुळे इंडियन सुपर लीगचे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. मुंबई सिटीची वाटचाल आम्ही घरी बसूनच पाहिली.

बराच काळ मुंबई गुणतालिकेत वर होती. मग फेब्रुवारीत घसरण लागली. बेंगळुरूने ४-२ हरवले, त्यानंतर जमशेदपूरने २-०. दोन सामने उरले असताना कोलकात्याच्या एटीके मोहन बागानचे ३९ गुण आणि आपले ३४. बागानने पुढचा एक सामना जिंकला असता तर विषयच संपला होता. २२ फेब्रुवारीला त्यांची गाठ हैदराबादशी होती आणि हैदराबादचा एक खेळाडू पाचव्याच मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. माझे यजमान म्हणाले, बंद कर टीव्ही. मी केला नाही. दहा जणांच्या हैदराबादने दोनदा आघाडी घेतली. बागानला भरपाई वेळेत कशीबशी २-२ अशी बरोबरी साधता आली. दोनच दिवसांनी मुंबईने ओडिशाला ६-१ लोळवले, त्यात बिपिन सिंगची हॅटट्रिक.

आमचे यजमान तरुणपणी खात्याच्या संघातून हारवूड लीग, म्हणजे मुंबईची स्थानिक फुटबॉल लीग, खेळलेले. विजेच्या बिलाच्या मागे पेन्सिलीने त्यांनी हिशोब मांडला: बागान ४०, आपण ३७, सामना एकमेकांशीच. बरोबरी झाली तरी शील्ड, म्हणजे गुणतालिकेत पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, त्यांची. आपण जिंकलो तर दोघांचे ४०, आणि जानेवारीतला सामना आपण १-० जिंकलेला असल्याने आपसातल्या निकालांवर शील्ड आपली. 'जिंकलो तर' या दोन शब्दांखाली त्यांनी इतकी जोरात रेघ ओढली की कागद फाटला.

२८ फेब्रुवारी, बांबोळी. सातव्या मिनिटाला अहमद जाहूची फ्री किक आणि मुर्तादा फॉलचे हेडर, १-०. एकोणचाळिसाव्या मिनिटाला एर्नान सँतानाची फ्री किक क्रॉसबारवर आदळली. आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडून एकदमच 'अरेरे' निघाले. ते पुरते निघायच्या आत उडालेला चेंडू ओग्बेचेने डोक्याने जाळ्यात घातला होता. पुढचा सगळा दुसरा अर्धा यजमान टीव्हीच्या बाजूला उभेच होते, बसायला तयार नाहीत. गोलरक्षक आणि कर्णधार अमरिंदरने चेंडू कवटाळला की प्रत्येक वेळी 'सावकाश रे, सावकाश' म्हणायचे. २-० वर शिट्टी वाजली तेव्हा आम्ही खिडकी उघडून ओरडलो. समोरच्या इमारतीतूनही कोणीतरी ओरडले. ना मैदानात प्रेक्षक, ना रस्त्यावर मिरवणूक. एवढ्या मोठ्या विजेतेपदाला शहराकडून मिळाले ते एवढेच.

पंधरवड्याने, १३ मार्चला, बिपिनच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलावर मुंबईने नंतरच्या बाद फेरीचा अंतिम सामनाही त्याच बागानविरुद्ध २-१ जिंकला. आजही बातम्यांत त्या मोसमाचा उल्लेख येतो तो बहुतेक या अंतिम सामन्याचा. माझे म्हणणे असे की लीगचे विजेतेपद ते शील्डचे. ते त्या मोसमात वीस सामन्यांच्या गुणांवर मिळाले, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचे दार उघडले तेही शील्डमुळेच. त्या स्पर्धेत ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवले. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल राहुल भेकेचा, आपल्या मुंबईच्या मुलाचा. फेब्रुवारीत तो पाच गुणांचा खड्डा भरून निघाला नसता तर हा सामना मुंबईच्या वाट्याला आलाच नसता.

या क्लबमध्ये २०१९ ते २०२५ मोठा वाटा मँचेस्टर सिटीच्याच मालकांचा होता, म्हणून काही जण त्याला आपला मानत नाहीत. मला ते पटत नाही. महिंद्रा युनायटेड तर इथल्याच उद्योगाचा संघ होता. त्यांनी २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. कुपरेज मैदानावर त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारे आज कोणी त्यांचे नाव घेत नाहीत, कारण ते कुठे छापूनच येत नाही. मुंबई सिटीचे तसे होऊ नये असे मनापासून वाटते.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात २८ फेब्रुवारी २०२१ जरूर घ्यावा. आणि लीग सुरू असेल तेव्हा दर सोमवारी गुणतालिका छापावी, इंग्लंडची छापता तशीच. चार बोटांची जागा पुरे आहे.

आपली नियमित वाचक,
आझाद नगर, अंधेरी (पश्चिम)