'एल्ली'चे स्मारक युद्धाआधीचे

महोदय,
ग्रीसच्या तिनोस बेटावरील 'एल्ली' या युद्धनौकेचे स्मारक पाहून अनेकांना वाटते की ही नौका इटलीशी युद्ध पेटल्यावर बुडाली. तसे नाही. ती बुडाली 15 ऑगस्ट 1940 रोजी, आणि युद्ध सुरू झाले 28 ऑक्टोबरला. त्या दिवशी ग्रीस तटस्थ होता. मेरीमातेच्या उत्सवासाठी 'एल्ली' पताका लावून बंदराबाहेर नांगरून उभी होती. 'डेल्फिनो' या इटालियन पाणबुडीने तीन पाणतीर (टॉर्पेडो) सोडले. एक नौकेवर बसला आणि आग भडकली, उरलेले दोन धक्क्याच्या बांधावर फुटले. नांगरलेल्या नौकेला वळून निसटायला वेळच मिळत नाही. नौकेवरचे 9 जण गेले, 24 जखमी झाले. पाणतिराच्या तुकड्यांवरून तो इटालियन असल्याचे लगेच कळले होते. पण ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान मेटाक्सास यांच्या सरकारने युद्ध टाळण्याच्या आशेने ते जाहीर केले नाही, आणि माझ्या मते त्या क्षणी ते योग्यच होते.

युद्धानंतर इटलीकडून भरपाईत मिळालेल्या क्रूझरला ग्रीसने पुन्हा 'एल्ली' हेच नाव दिले. तिनोसला गेलात, तर इव्हान्गेलिस्ट्रिया चर्चच्या आवारातले हे स्मारक चुकवू नका.

— एक वाचक