‘तुम्ही आलात’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, तरी इथे लिहीत नाही. कुणाचं नाव कुठे उघड करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, हे त्या संध्याकाळी तुमच्याकडूनच शिकलो.

मी तो निळ्या शर्टातला, दारावरून तीनदा सरळ पुढे निघून गेलेला. एलजीबीटी, म्हणजे समलैंगिक, द्विलैंगिक, पारलिंगी अशा माणसांच्या समुदायाचा मेळावा, ओळखीपाळखी, नंतर रंगमंचावरचे कार्यक्रम, असं बोलावणं होतं. चाळिशी उलटली तरी मी गे आहे हे तोवर दोनच माणसांना सांगितलं होतं, तेही फोनवर, चेहरा दिसणार नाही असं. चौथ्यांदा दार ओलांडून पुढे जाणार, इतक्यात तुमची हाक आली. ‘‘अहो, जरा हात द्या. एवढ्या खुर्च्या आत न्यायच्यात.’’

पहिल्यांदाच आलात का, कुणाबरोबर आलात, असं काहीच विचारलं नाहीत. दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन मी आत शिरलो, आणि शिरलो हे आत गेल्यावर लक्षात आलं. बुजलेल्या माणसाला नुसतं ‘मोकळे व्हा’ म्हणून तो मोकळा होत नाही. त्याच्या हातात काम दिलं की होतो. हे तुम्हाला कसं कळलं, ते एकदा विचारायचं आहे.

खुर्च्या झाल्या, मग या समुदायाचा इंद्रधनुषी झेंडा बांधायचा होता. कुठली बाजू वर, हे मला माहीत नव्हतं. ‘‘लाल वर,’’ असं म्हणून तुम्ही शिडी धरलीत आणि खालून सांगत राहिलात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २५ जून १९७८ रोजी हा झेंडा पहिल्यांदा फडकला तेव्हा त्याला आठ पट्टे होते. गिल्बर्ट बेकर हा कलाकार आणि सुमारे ३० स्वयंसेवकांनी कापड हातानं रंगवून तो शिवला होता. पुढे गडद गुलाबी कापड हवं तेवढं मिळेना म्हणून तो पट्टा गेला, मग आणखी एक गेला आणि सहा उरले. इतकी वर्षं मला तो फार धीट लोकांचा झेंडा वाटायचा, माझ्यासारख्याचा नव्हे. कापड पुरेल की नाही याची काळजी करणाऱ्या, रंगानं हात माखलेल्या माणसांची ती वस्तू आहे, हे ऐकत ऐकत मी गाठ मारली.

नंतर नावाची पट्टी आणि लाल गोल स्टिकर. ‘‘खरं नाव नको असेल तर नका लिहू, मला हाक मारता आली की झालं. आणि हा लावलात तर तुमचा फोटो कुणी काढणार नाही.’’ ताई, एका फोटोपायी माणसाची नोकरी जाते, राहती जागा जाते, घरातलं बोलणं बंद होतं. ती भीतीच मला इतकी वर्षं अशा दारापासून लांब ठेवत होती. तुम्ही तिला हसला नाहीत. तिच्यासाठी स्टिकर तयार ठेवला होतात.

तुम्ही सगळ्यांनाच अहो-जाहो करत होतात, अगदी विशीतल्या मुलांनासुद्धा. मी कारण विचारलं. ‘‘आला किंवा आली म्हटलं की समोरचा कोण ते आपणच ठरवून मोकळे होतो. ‘तुम्ही आलात’मध्ये काही ठरत नाही. ओळख झाली की माणूस सांगतो, मग तसं म्हणायचं.’’ जन्मभर मराठी बोलतोय, पण ‘तुम्ही’मध्ये एवढी ऐसपैस जागा आहे हे कधी जाणवलं नव्हतं.

म्हणूनच बहुधा कार्यक्रमातलं ते एक वाक्य इतकं लागलं. गाणी झाली, ड्रॅगचं, म्हणजे भरजरी वेश आणि मेकअप करून स्त्री-पुरुषांची रूपं रंगवण्याचं, सादरीकरण झालं, टाळ्या वाजवून हात दुखले. मग एक पारलिंगी स्त्री, जन्मल्यावर जिला मुलगा म्हटलं गेलं होतं अशी, एकटीच माइकपुढे उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘मी घरातून निघालो, आणि इथे पोचले.’’ पुढे काही क्षण ती बोललीच नाही. बोलायची गरजही नव्हती.

त्यानंतर निवेदकानं सांगितलं, की १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात वजाबाकी करत होतो. २००३ साली, म्हणजे त्याला १३ वर्षं झाल्यावर, एका डॉक्टरांनी मला याच ‘आजारा’वर गोळ्या लिहून दिल्या होत्या. सात महिने मी त्या नेमानं घेतल्या. बरं वाटत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत राहिलो. ती यादी केव्हाच बदलली आहे हे तेव्हा कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

मी उठून बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. तुम्ही मागोमाग आलात. शेजारी बसलात, पाण्याची बाटली मध्ये ठेवलीत. काय झालं म्हणून विचारलं नाहीत. मी रडलो, तेव्हा पाठीवर हातसुद्धा ठेवला नाहीत, आणि तेच बरं झालं. ठेवला असतात तर मी डोळे पुसून ‘काही नाही’ म्हणालो असतो. बऱ्याच वेळानं म्हणालात, ‘‘शेवटचा नाच राहिलाय. तुमची खुर्ची धरून ठेवलीय.’’

तो नाच मी पाहिला. निघताना आभार मानायचे होते, पण तुम्ही सामान आवरत होतात आणि माझा आवाज नीट फुटत नव्हता. म्हणून हे पत्र. ताई, मनापासून आभार.

पुढच्या वेळी तासभर आधी येतो, खुर्च्या लावायला. लाल स्टिकर मात्र अजून लागेल. माझ्यासाठी एक बाजूला ठेवा.

तुमचा,
निळ्या शर्टातला