कारखान्यातील जुना संगणक दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञ बंधूंस जाहीर आभारपत्र

सोलापूर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या टॉवेलच्या कारखान्यातील जुना संगणक आपण दुरुस्त करून दिलात, त्याबद्दल सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. हा संगणक सकाळी नीट चालत असे. पण दुपारपासून तो मंदावत जाई आणि नेमके माल पाठवण्याच्या वेळी, ई-वे बिले (मालवाहतुकीसाठी लागणारी ऑनलाइन बिले) काढायची असताना, सगळ्यांना त्याच्यापुढे ताटकळत बसावे लागे. आपल्याआधी ज्यांना तो दाखवला, त्यांनी कॅबिनेट न उघडताच नवा घेण्याचा सल्ला दिला होता.

आपण प्रथम विचारलेत ते एवढेच, की मंदावल्यावर रीस्टार्ट केला तर तो लगेच सुधारतो का. लगेच सुधारत असेल, तर दिवसभर उघड्या राहिलेल्या प्रोग्रॅमनी मेमरी भरली असण्याचा संभव अधिक. रीस्टार्ट करूनही सुधारत नसेल आणि काही वेळ बंद ठेवल्यावरच पूर्ववत होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा, हे आपण समजावलेत आणि आमच्या दिवाणजींनी ते तिथल्या तिथे टिपून घेतले. पुढे टास्क मॅनेजरमधील, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधील, सकाळचे व दुपारचे आकडे आपण शेजारी-शेजारी मांडून दाखवलेत. मेमरी आणि डिस्क दोन्ही वेळी मोकळ्याच होत्या. प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाचे काम करणाऱ्या मुख्य चिपचा, वेग मात्र दुपारी, काम चालू असतानाही, त्याच्या मूळ वेगाच्या खाली उतरलेला होता. प्रोसेसर फार तापला की बचावासाठी स्वतःच वेग कमी करतो, आणि पुष्कळ प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, हे आम्हांला तेव्हा कळले.

कॅबिनेट उघडल्यावर कारण समोरच दिसले. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये, सुताची तूस नमद्यासारखी घट्ट बसली होती आणि हवेला जायला वाटच नव्हती. माग सुरू असले की ही तूस दिवसभर उडत राहते. त्यात सोलापूरचा उन्हाळा, ज्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे नित्याचेच आहे. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवून आपण ब्लोअर मारलात, म्हणजे वाऱ्याच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून बिघडू नये. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी, पण वाळून कडक झालेली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावलीत, आणि भिंतीला टेकलेले कॅबिनेट पुढे ओढून मागे हवा खेळती ठेवलीत. आता संध्याकाळची बिलेही सकाळच्याच वेगाने निघतात.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो आपला सचोटीचा सल्ला. एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा जलद चालणारी डिस्क) बसवली तर संगणक लवकर सुरू होईल, पण दुपारचा हा त्रास तिने जाणार नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत. एसएसडी विकून पैसे घेणे आपल्याला सहज शक्य होते. कारण सापडेपर्यंत कोणताही सुटा भाग बदलायचा नाही, ही आपली शिस्त आम्हां गिऱ्हाइकांसाठी फार मोठा आधार आहे.

दर दोन महिन्यांनी, माग बंद असतील त्या दिवशी, हीटसिंक साफ करण्याचे काम आम्ही नेमून दिले आहे. आमच्या ओळीतील इतर कारखान्यांतही अशीच तक्रार आहे; तेथील मंडळींना आपला पत्ता दिला आहे, तरी त्यांच्याकडेही अवश्य यावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
टॉवेल कारखान्याचा व्यवस्थापक